करंजचे कप्तान आणि प्लासीचा तळ

१९७१ च्या युद्धात आपल्या नौदलाने काय केलं, असं कुणालाही विचारा. साधारण तीन गोष्टी ऐकायला मिळतात. पहिली कराचीवरच्या क्षेपणास्त्र हल्ल्याची. ४ डिसेंबरच्या त्या रात्रीच्या आठवणीत आपण दरवर्षी नौदल दिन साजरा करतो. दुसरी गोष्ट विशाखापट्टणमच्या दारात बुडालेल्या 'गाझी' या पाकिस्तानी पाणबुडीची. तिसरी 'खुकरी'ची. ९ डिसेंबरला दीवच्या समुद्रात 'हंगोर' या पाणबुडीने ती बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांसह जहाजाबरोबर गेले. आम्हां गोवेकरांना ही तिसरी गोष्ट जरा जास्तच जवळची, कारण त्या काळी गोवा, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. खिडक्यांच्या काचांना चिकटवलेला काळा कागद आणि संध्याकाळनंतर दिवा लावू नये म्हणून वडिलधाऱ्यांची चाललेली धावपळ, एवढंच युद्ध मला आठवतं.

पण चौथी एक गोष्ट आहे आणि ती बहुतेकांना ठाऊक नसते. ती एका पाणबुडी अधिकाऱ्याची आहे. गंमत अशी, की त्याला महावीर चक्र मिळालं ते पाणबुडीतल्या पराक्रमासाठी नव्हे. नद्यांमध्ये, खाड्यांमध्ये, लुंगी नेसलेल्या पोरांना बरोबर घेऊन त्याने जे केलं त्यासाठी मिळालं. त्यांचं नाव कमांडर मोहन नारायण राव सामंत. नौदलात सगळे त्यांना एम. एन. आर. सामंत म्हणून ओळखत. सामंत हे आडनाव आमच्याकडे पेडण्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत इतकं ओळखीचं, की नाव वाचताच माणूस घरचा वाटू लागतो. तरीही मराठी वाचकाला हे नाव फारसं माहीत नाही. असं का झालं, हा या लेखाचा विषय.

आधी पाणबुडीबद्दल थोडं. स्वतंत्र भारताच्या नौदलाकडे वीस वर्षं एकही पाणबुडी नव्हती. पहिली 'कलवरी' ८ डिसेंबर १९६७ रोजी सोव्हिएत संघातल्या रिगा बंदरात नौदलात दाखल झाली. तिच्यामागून 'खांदेरी' आली. तिसरी 'करंज' ४ सप्टेंबर १९६९ रोजी दाखल झाली आणि तिचे पहिले कप्तान होते सामंत. नावं पाहा. खांदेरी म्हणजे शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी वसवलेला जलदुर्ग आणि करंज हे नाव उरणजवळच्या करंजा बेटाचं. बाल्टिक समुद्राच्या थंडीत, रशियन सूचनापट्ट्या वाचत, सत्तर-पंचाहत्तर माणसांनी शिकून घेतलेल्या त्या पोलादी नळीवर कोकणातलं नाव होतं. सुएझचा कालवा १९६७ च्या युद्धापासून बंद होता. त्यामुळे या पाणबुड्यांना अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून घरी यावं लागलं.

पाणबुडीवरचं आयुष्य इतर जहाजांसारखं नसतं. वारा नाही, ऊन नाही, दिवस-रात्र कळत नाही. पाण्याचा थेंब जपून वापरायचा. आणि मुख्य म्हणजे आवाज करायचा नाही. पाणबुडीचं सगळं बळ तिच्या न दिसण्यात आणि न ऐकू येण्यात असतं. जगभरच्या नौदलांत या शाखेला 'मूक सेवा' म्हणण्याची पद्धत आहे. ही सवय नुसती यंत्राला नसते, माणसालाही लागते. पुढे सामंतांच्या वाट्याला जे काम आलं त्याला ही सवय फार उपयोगी पडली.

२५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी सैन्याने ढाक्यात कत्तल सुरू केली. त्याच वेळी दूर फ्रान्सच्या तुलाँ बंदरात 'मांग्रो' ही नवी पाकिस्तानी पाणबुडी उभी होती. पाकिस्तानने फ्रान्सकडून विकत घेतलेल्या पाणबुड्यांपैकी ती एक. तिच्यावरच्या खलाशांत काही बंगाली होते. रेडिओवर घरच्या बातम्या ऐकून त्यांनी ठरवलं, की या पाणबुडीतून परत जायचं नाही. मार्च संपता संपता त्यांतले नऊ जण हळूच निसटले. त्यांतले आठ जण स्पेनमध्ये माद्रिदला पोचून भारतीय दूतावासाच्या दारात उभे राहिले आणि एप्रिलमध्ये भारतात आले. आठ प्रशिक्षित पाणबुडे, तेही शत्रूच्याच नौदलात शिकलेले. आता त्यांचं करायचं काय?

उत्तर नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात तयार झालं. त्या वेळी नौदलप्रमुख होते अ‍ॅडमिरल एस. एम. नंदा आणि गुप्तवार्ता संचालक होते कॅप्टन मिहिर रॉय. पूर्व बंगालचा नकाशा त्यांच्या समोर होता. हा प्रदेश म्हणजे नद्यांचं जाळं. सैन्याचं धान्य, दारूगोळा, इंधन सगळं नदीतून जातं. ताग आणि चहा नदीतूनच बंदरात येतो आणि परकी चलन मिळवून देतो. चितगाव आणि मोंगला ही दोन समुद्री बंदरं, आतमध्ये चांदपूर आणि नारायणगंज. ही चार तोंडं आवळली, तर आतलं सैन्य गुदमरेल. पण भारताने युद्ध पुकारलेलं नव्हतं. त्यामुळे भारतीय युद्धनौका तिथे जाऊ शकत नव्हती. जाऊ शकत होती ती तिथलीच पोरं. या योजनेचं नाव ठेवलं गेलं 'नौदल कमांडो कारवाई एक्स' आणि तिची प्रत्यक्ष सूत्रं कमांडर सामंतांकडे आली.

तळ उभा राहिला प्लासीला, भागीरथीच्या काठी. हो, तेच प्लासी. २३ जून १७५७ रोजी क्लाइव्हने सिराजउद्दौलाला हरवून बंगाल घेतला ते मैदान. छावणीला नाव 'सी-टू-पी'. निर्वासितांच्या आणि तरुणांच्या छावण्यांतून पोरं निवडली गेली. कुणी कॉलेजात शिकणारा, कुणी शेतकऱ्याचा मुलगा. अट एकच, पोहता आलं पाहिजे. नदीकाठच्या बंगाल्याला पोहणं शिकवावं लागत नाही. शिकवायचं होतं ते वेगळं: अंधारात, पाण्यातून फक्त नाक बाहेर ठेवून, आवाज न करता तासन्तास पोहणं. लेफ्टनंट कमांडर जॉर्ज मार्टिस यांच्या देखरेखीखाली नौदलाचे पाणबुडे आणि तुलाँहून आलेले ते बंगाली खलाशी मुलांना शिकवू लागले. काही महिन्यांत चारशेहून अधिक जण तयार झाले.

त्यांचं हत्यार होतं लिंपेट सुरुंग. कालवासारखा जहाजाच्या बुडाला चिकटतो म्हणून हे नाव. पाच-एक किलोचा गोळा, त्याला लोहचुंबक. मुलं तो गमछ्याने पोटाशी बांधायची, पायांत पोहण्याच्या चपला, कमरेला सुरी. बाकी अंगावर जवळपास काही नाही. सुरुंगाची कळ पाण्यात विरघळणाऱ्या एका बुचावर अवलंबून होती. बूच विरघळलं, की थोड्या वेळात स्फोट. पण जहाजापर्यंत पोहत जायलाच वेळ लागणार. तेवढ्यात बूच विरघळलं तर? यावर तोडगा निघाला तो साधाच. बुचावर निरोध चढवायचे, जहाजाला सुरुंग चिकटवला की ओढून काढायचे. मोठमोठ्या युद्धांत अशी घरगुती अक्कल कितीदा कामी येते, याची इतिहासाच्या पुस्तकांत नोंद क्वचितच असते.

आमच्या मांडवी-झुवारीच्या काठावर वाढलेल्या माणसाला यातलं आणखी एक मर्म चटकन कळेल. ते म्हणजे भरती-ओहोटी. खाडीत जाळं टाकणाऱ्याला घड्याळ लागत नाही, पाणी कधी फिरतं ते त्याला अंगानेच कळतं. या मुलांनाही ओहोटीच्या पाण्याबरोबर जहाजापर्यंत जायचं आणि काम करून पाण्याबरोबरच निसटायचं होतं. पाण्याविरुद्ध पोहलं तर दम संपणार आणि आवाज होणार. त्यामुळे चंद्र, तिथी आणि भरतीचं कोष्टक पाहून दिवस ठरवावा लागला.

तो दिवस ऑगस्टच्या मध्याला आला, पाकिस्तानच्या आणि आपल्या स्वातंत्र्यदिनाच्या आगेमागे. चारही ठिकाणी पथकं आत शिरून दबा धरून बसली होती. त्यांच्याजवळ ट्रान्झिस्टर होते. निरोप देण्याची युक्ती अशी, की आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावरून ठरलेली दोन बंगाली गाणी लावायची. पहिलं वाजलं की तयारी, दुसरं वाजलं की निघा. घरोघरी लोक ती गाणी ऐकत होते आणि कुणाला काही कळलं नाही. त्या मोहिमेत चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज इथे जवळजवळ एकाच वेळी स्फोट झाले. चितगावला 'अल अब्बास' आणि 'होर्मुझ' ही दारूगोळा आणणारी जहाजं आणि एक बार्ज बुडालं. पाकिस्तानी लष्कर सांगत होतं, की प्रदेशात सगळं सुरळीत आहे. त्या सकाळी जगाला दिसलं, की तसं नाही.

हे एका रात्रीत संपलं नाही. डिसेंबरपर्यंत ही मुलं पुन्हा पुन्हा आत जात राहिली. एक लाख टनांहून अधिक जहाजवाहतूक या मोहिमेने बुडवली किंवा निकामी केली, असा तिचा हिशेब मांडला जातो. परदेशी जहाजं त्या बंदरांत यायला कचरू लागली, हा त्याहून मोठा परिणाम. किती मुलं परतली नाहीत, त्यांची नावं काय, त्यांच्या आईबापांना कधी आणि कसं कळलं, याचा हिशेब मात्र टनांत मांडता येत नाही.

मध्यंतरी सुरतहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीने मी बारडोलीला उतरलो होतो. सामंतांवरचं पुस्तक तेव्हा माझ्या पिशवीत होतं. स्वराज आश्रम पाहिला, सरदारांचं संग्रहालय पाहिलं. बारडोली समुद्रापासून दूर, उसाच्या आणि केळीच्या शेतांतलं गाव. १९२८ मध्ये सरकारने शेतसारा वाढवला आणि इथल्या शेतकऱ्यांनी तो भरायचं नाकारलं. जप्त्या आल्या, गुरंढोरं गेली, पण लोक हलले नाहीत. ऑगस्टपर्यंत सरकारला नमावं लागलं. वल्लभभाई 'सरदार' झाले ते इथे. तिथल्या भिंतींवरची छायाचित्रं पाहताना माझ्या मनात एक वेगळाच विचार आला. बारडोलीचा लढा १९२८ मध्ये संपला आणि १९२९ मध्ये महादेवभाई देसाईंचा त्यावरचा इतिहास छापूनही झाला. लढा उघड होता. पत्रकं होती, सभा होत्या, नावं होती, कुणाची किती जमीन गेली याच्या नोंदी होत्या. शेतकऱ्याच्या पोराला आजोबाने काय केलं ते पुस्तकात दाखवता येतं.

प्लासीच्या तळावरही शेतकऱ्यांचीच पोरं होती. पण त्यांच्या लढ्याचा सविस्तर इतिहास यायला अठ्ठेचाळीस वर्षं लागली. सामंतांनी पत्रकार संदीप उन्नीथन यांच्या साथीने लिहिलेलं 'ऑपरेशन एक्स' हे इंग्रजी पुस्तक २०१९ मध्ये आलं. तोवर काही निवृत्त अधिकाऱ्यांच्या लेखनात तुकडे येऊन गेले होते, बांगलादेशात त्या मुलांनी स्वतः आठवणी सांगितल्या होत्या. पण ज्याने सूत्रं हलवली तो माणूस चार दशकांहून अधिक काळ गप्प होता.

मी गोव्याचा असल्यामुळे ही तुलना मला सोडवत नाही. आमच्याकडेही दोन्ही वाटा होत्या. १५ ऑगस्ट १९५५ ला हातात तिरंगा घेऊन सीमेवर गोळ्या झेललेले सत्याग्रही होते, आझाद गोमंतक दलासारखे शस्त्र हाती घेणारेही होते, आणि शेवटी डिसेंबर १९६१ मध्ये सैन्य आणि नौदल आलं. सत्याग्रहींची नावं आम्हांला पाठ असतात. लपून काम करणाऱ्यांच्या घरात मात्र अनेकदा अर्धवट गोष्टी उरतात. कोण मोठा, कोण लहान, हा वाद मला घालायचा नाही. पण जो लपून लढतो त्याला इतिहासात जागा उशिरा मिळते आणि कधीकधी मिळतच नाही, हे मात्र खरं.

आता सामंतांच्या गोष्टीतला सर्वांत अवघड भाग. ३ डिसेंबरला युद्ध उघड सुरू झालं, तेव्हा सामंतांकडे एक छोटा ताफा होता. 'पद्मा' आणि 'पलाश' या कलकत्ता बंदराच्या जुन्या बोटी. त्यांच्यावर बोफोर्स तोफा बसवून त्यांच्या गनबोटी केल्या होत्या आणि त्यांवर भारतीय अधिकाऱ्यांबरोबर मुक्तिबाहिनीचे बंगाली खलाशी होते. सोबत नौदलाची 'पनवेल' ही गस्ती नौका होती, लेफ्टनंट कमांडर जे. के. रायचौधुरी यांच्या हाताखाली. पुन्हा नाव पाहा, करंजाच्या शेजारचंच पनवेल. याच जातीच्या एका नौकेचं नाव 'पणजी' होतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हा ताफा हसनाबादकडून सुंदरबनच्या खाड्यांमध्ये शिरला. १० डिसेंबरच्या सकाळी मोंगला बंदर हाती आलं. तिथून नदीने वर खुलना. आपल्या विमानांना ओळखता यावं म्हणून बोटींवर पिवळी खूण केलेली होती.

दुपारच्या सुमाराला खुलनाजवळ विमानं आली. ती आपल्याच हवाई दलाची होती. वरून ओळख पटली नाही. 'पद्मा' आणि 'पलाश' दोन्ही पेटल्या आणि बुडाल्या. 'पलाश'च्या इंजिनघरात मोहम्मद रुहुल अमीन होते. बोट सोडायचा हुकूम झाला तरी ते इंजिन वाचवायला धडपडत राहिले. शेवटी जखमी अवस्थेत ते काठाला लागले आणि तिथे रझाकारांनी त्यांना मारलं. बांगलादेशाने 'बीरश्रेष्ठ' हा सर्वोच्च सन्मान फक्त सात जणांना दिला. त्यांत नौदलाचे हे एकटेच. आपल्या बाजूचा चिमण सिंग हा नौसैनिक स्वतः जखमी असताना पाण्यातल्या साथीदारांना वाचवत राहिला आणि शत्रूच्या हाती सापडला. त्याला पुढे महावीर चक्र मिळालं.

'पनवेल' वाचली होती. दोन बोटी गेल्या, माणसं नदीत, आणि घाव घरच्यांचा. अशा वेळी मागे फिरला असता तर सामंतांना कुणी बोल लावला नसता. पण 'पनवेल'ने पाण्यातली माणसं उचलली आणि खुलन्याच्या शत्रूशी झुंज चालू ठेवली. सामंत आणि रायचौधुरी या दोघांनाही महावीर चक्र मिळालं.

मला वाटतं, ही गोष्ट इतकी वर्षं दबून राहण्याचं एक कारण इथेही असावं. मोहीम गुप्त होती हे खरंच. तिची कबुली देणं म्हणजे युद्ध पुकारण्याआधीच आपण आत हात घातला होता हे मान्य करणं. पण त्याशिवाय, विजयाच्या गोष्टीत आपल्याच विमानांनी बुडवलेल्या आपल्याच बोटी कुठे बसवायच्या? राष्ट्रांना असे प्रसंग सांगायला आवडत नाहीत. मात्र ते न सांगितल्याने नुकसान होतं ते त्या इंजिनघरातल्या माणसाचं, सांगणाऱ्याचं नव्हे. बांगलादेशाने रुहुल अमीन यांचं नाव मोठं केलं, हे फार चांगलं झालं.

युद्धानंतर सामंतांनी नव्या बांगलादेशच्या नौदलाच्या उभारणीतही सुरुवातीच्या काळात हातभार लावला. त्यांनी पहिल्यांदा पाण्यात नेलेली 'करंज' १९७१ च्या युद्धात कमांडर व्ही. एस. शेखावत यांच्या हाताखाली होती. शेखावतांना त्या युद्धात वीर चक्र मिळालं आणि पुढे ते नौदलप्रमुख झाले. जुनी 'करंज' २००३ मध्ये निवृत्त झाली. १० मार्च २०२१ रोजी मुंबईत नवी 'करंज' दाखल झाली, तेव्हा निवृत्त अ‍ॅडमिरल शेखावत समारंभाला होते. सामंत नव्हते. मार्च २०१९ मध्ये, पुस्तक बाजारात येण्याच्या थोडंसं आधी, ते गेले.

पण पुस्तक लिहून झालं होतं, ही त्यातली समाधानाची बाब. थोडा आणखी उशीर झाला असता, तर गमछे, निरोध, ती दोन गाणी आणि खुलन्याची दुपार सांगणारा मुख्य माणूस आपल्याला भेटलाच नसता. आपल्या किनाऱ्यावर, वेंगुर्ल्यात, मालवणात, वास्कोत, काणकोणात, नौदलातून निवृत्त झालेली म्हातारी माणसं घरोघरी आहेत. ती फार बोलत नाहीत, त्यांना तशी सवय नाही. एखाद्या संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसा, वही घेऊन. सगळेच सामंत नसतील. पण कुठल्या बोटीवर होतो, बरोबर कोण होतं, कोण परत आलं नाही, एवढं जरी उतरवून घेतलंत, तरी त्या न परतलेल्यांची नावं कुठेतरी राहतील.